एस्तेरबाईंची रांग

एस्तेरबाई साळव्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका इनामदाराला खाली बसवत होत्या.

माझा तो दवाखान्यातला पहिला दिवस. भावानं मला टांग्यातून फाटकाशी उतरवलं, ट्रंक खाली ठेवली आणि मिशनच्या आवारात पाय पडायला नको म्हणून तिथूनच टांगा वळवला. मी एकोणीस वर्षांची, लहानपणीच कपाळ पांढरं झालेली. नर्सिंग शिकायला आले होते. घरच्यांच्या मते बाटायला आले होते. सोलापुरातल्या गिरणीचा सातचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. फाटकापासून कडुनिंबापर्यंत बायकांची रांग लागली होती आणि रांगेच्या तोंडाशी एक बुटकी, सावळी, चाळिशीची बाई हातात पत्र्याचे बिल्ले घेऊन उभी होती. रॉकेलच्या डब्यातून कापलेले गोल बिल्ले, त्यांवर खिळ्यानं ठोकलेले आकडे. जी आधी येईल तिला आधीचा बिल्ला, आणि त्याच क्रमानं डॉक्टर मडमकडे आत जायचं, एवढाच तिथला नियम.

तेवढ्यात पडदा लावलेली एक दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, येऊन थांबली. इनामदारांचा माणूस पुढं आला आणि म्हणाला की मंडळी आजारी आहेत, आधी आत घ्या. एस्तेरबाईंनी त्याच्या हातावर एकतीस नंबरचा बिल्ला ठेवला. मग इनामदार स्वतः उतरले. आपण कोण, आपले वडील कोण, कलेक्टरसाहेबांशी आपलं बसणंउठणं कसं आहे, सगळं सांगून झालं. बाई तोवर मागच्या बायकांना बिल्ले देत राहिल्या. त्यांचं संपल्यावर म्हणाल्या, ‘‘साहेबांच्या मडम गेल्या महिन्यात आल्या होत्या. त्यांना सतरा नंबर मिळाला. तुम्ही तिकडं सावलीत बसा, माठात पाणी आहे.’’ आणि इनामदार बसले की हो! एका वडारणीच्या शेजारी, ओट्यावर, पगडी मांडीवर घेऊन.

पुढं बऱ्याच दिवसांनी मी विचारलं, ते कलेक्टरच्या मडमचं खरं होतं का? ‘‘सतराच,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बसली बिचारी, टोपी घालून.’’

गंमत पुढंच आहे. इनामदारीणबाई तीन तास त्या बायकांत बसल्या. कुणाची सून कशी, कुणाच्या घरात कोण वारलं, तेलगू विणकरांच्या बाया मुलांना काय पाजतात, सगळं ऐकलं. निघताना एस्तेरबाईंचा हात धरून म्हणाल्या की लग्न झाल्यापासून एवढा वेळ घराबाहेर बसायला मला आजच मिळालं. नंतर वर्षातून दोनदा तरी त्या यायच्या, आणि मुद्दाम उशिरा यायच्या, म्हणजे बिल्ला लांबचा मिळेल. आता अशा बाईला दुखणं कसलं होतं ते मी कशाला सांगू.

एस्तेरबाईंचा जन्म, गाव, गोत यातलं मला फारसं ठाऊक नाही. छप्पनच्या, म्हणजे सन एकोणीसशेच्या दुष्काळात कुणीतरी त्यांना मिशनच्या अनाथघरात आणून ठेवलं. नवरा लढाईवर बसऱ्याला गेला तो परत आला नाही. कुणी जात विचारली की त्या म्हणायच्या, ‘दुष्काळातली’. विचारणारा तरी पुढं काय विचारणार? दवाखान्यात हेडनर्स मडमच्या देशातली होती, पण दवाखाना चालायचा एस्तेरबाईंवर. ‘कुठं दुखतंय’ एवढं त्यांना मराठी, कानडी, तेलगू आणि मुसलमानी अशा चारही बोलींत विचारता यायचं, आणि उत्तर न कळलं तरी त्या बरोबर तिथंच हात ठेवायच्या. कामात भजन गुणगुणायच्या, पण सूर असा बेसूर की पेशंट दुखणं विसरून हसायचे. जेवण म्हणजे कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि वर एक कांदा. सणासुदीलाही त्यात फरक नाही.

प्रार्थना मात्र बघण्यासारखी. त्यांचे पाद्रीसाहेब वॉर्डात आले की अर्धा तास डोळे मिटून बोलत राहायचे. तोवर इकडं थर्मामीटर काढायची वेळ टळायची. एस्तेरबाईंची प्रार्थना ऑपरेशनच्या आधी, हात धुताधुता: ‘‘देवा, ही बाई तुझी आहे. आमचे हात स्वच्छ ठेव.’’ झालं. पेशंटला धर्म सांगत नाहीत म्हणून त्यांच्याच लोकांची त्यांच्यावर कुरकुर होती. मी एकदा खोचकपणे विचारलं की बाई, तुमचा धर्म तरी काय आहे, मला दोन मिनिटांत सांगा. दोन मिनिटंही घेतली नाहीत त्यांनी. म्हणाल्या, ‘‘देवाला आपल्याकडनं काय पाहिजे? सरळ वागावं, माया करावी, आणि मान खाली घालून त्याच्या मागनं चालावं. बाकीचं पाद्रीसाहेब बघतील.’’

आणि माझ्या पाण्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर मी स्वतःला फारच शहाणी दाखवल्यासारखं होईल. आल्याआल्या मी जाहीर केलं होतं की मी इथलं पाणी पिणार नाही. एस्तेरबाईंनी वाद घातला नाही. आवारात पेशंटांच्या नातेवाइकांच्या चुली असायच्या, जातीजातीच्या वेगळ्या. त्यातल्या एका लिंगायत म्हातारीला सांगून त्यांनी माझ्यासाठी वेगळी घागर भरून ठेवायची सोय केली आणि आठ महिने ती न चुकता चालू ठेवली. एकदा उन्हाळ्यात अकरा बाळंतपणं ओळीनं झाली, माझा घसा कोरडा पडला, आणि मी सरळ त्यांच्या पेल्यातलं पाणी घटाघटा प्याले. केवढा पराक्रम! आता बाई काहीतरी म्हणतील, डोळ्यांत पाणी आणतील, अशी वाट बघत उभी राहिले. त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. ‘‘पेला विसळून ठेव गोदे,’’ एवढंच म्हणाल्या. मला असा राग आला म्हणता. पण त्या दिवसापासून मी ‘गोदाबाई’ची ‘गोदे’ झाले, हे माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले.

तर अशी ही बाई. आणि हिच्या हातून चूक झाली ती तिच्या चांगुलपणातच झाली, म्हणून ती मला जास्त लागली.

वैशाखाचे दिवस होते. हगवणीनं गाव धरलं होतं, बिल्ले संपून आम्ही खडूनं पाटीच्या तुकड्यांवर आकडे लिहून देत होतो. त्या सकाळी गिरणीतला एक मोठा बाबू बायकोला पुढं घुसवायला बघत होता. एस्तेरबाईंनी त्याला मागं धाडलं. मग एका वकिलाला मागं धाडलं. रांग अशी सरळ उभी होती की बघत राहावं. बाईंना त्या रांगेचा अभिमान होता, तो मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलेला आहे. त्या रांगेत मंद्रूपकडची एक धनगर सासू-सून होती. सासूचं नाव मायाक्का, उंच, वाळकी, खांद्यावर घोंगडं. सून सगुणा, पोरसवदा, तिच्या पदराखाली सहा महिन्यांचा मुलगा. बिल्ला बावन्न.

मायाक्का एकदाच उठून पुढं आली. हळूच म्हणाली, ‘‘बाई, पोरगं गप झालंय.’’

मी शेजारीच उभी होते. एस्तेरबाई वकिलाच्या माणसाशी बोलत होत्या. त्यांनी वळून बघितलं नाही. म्हणाल्या, ‘‘झोपू दे त्याला. नंबर आला की बोलावते.’’ त्यांना वाटलं, म्हातारी चांगली बातमी सांगतेय. सबंध सकाळ रडणाऱ्या पोरांचा कालवा चाललेला. त्यात एक पोर गप झालं तर बरंच की. आणि मायाक्का काही वाद घालणारी नव्हती. माळावर मेंढरांमागं हिंडणारी ती माणसं. सांगितलं की बसायचं, एवढंच तिला दवाखान्यात कळत होतं. ती जागेवर जाऊन बसली.

बावन्नचा नंबर पुकारला तेव्हा पोर गेलेलं होतं. सगुणाला ते कळलेलंही नव्हतं. ती पदरानं वारा घालत होती.

डॉक्टर मडमनी बघितलं, मान हलवली. सगुणा खाली बसली ती उठेचना. मायाक्का रडली नाही. तिनं पोराला घोंगड्यात गुंडाळलं, सुनेला बखोटीला धरून उठवलं आणि बिल्ला एस्तेरबाईंच्या टेबलावर ठेवला. ‘‘हे घ्या बाई तुमचं,’’ ती म्हणाली. ‘‘आमास्नी आता नगं.’’

मडम एस्तेरबाईंना म्हणाल्या की पोर इतकं सुकलं होतं की आधी घेतलं असतं तरी कदाचित वाचलं नसतं. एस्तेरबाई म्हणाल्या, ‘‘कदाचित वाचलं असतं.’’ त्या दिवशी त्यांनी उरलेली सगळी रांग संपवली, भांडी उकळली, वॉर्ड पुसून घेतला. भजन तेवढं ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून रांगेची रीत बदलली. बिल्ले वाटायच्या आधी एस्तेरबाई फाटकापासून कडुनिंबापर्यंत चालत जायच्या. प्रत्येकीसमोर थांबायचं, पदर बाजूला करायचा, पोराच्या कपाळाला हात लावायचा, डोळे बघायचे. जी ओरडते तिच्याकडं एकदा, आणि जी गप बसली आहे तिच्याकडं दोनदा. दोन-चार जणींना तिथूनच उचलून आत न्यायचं आणि मग बाकीच्यांना बिल्ले. यात अर्धा तास जास्त जायचा. हेडनर्स कुरकुरली, पण ती कुरकुर मडमपर्यंत गेली नाही, कारण ती मीच मध्ये अडवली. मी काही एस्तेरबाईंएवढी नम्र नाही.

पण हे झालं दवाखान्याचं. खरी गोष्ट पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सुरू झाली.

त्या लोकांच्यात महिन्यातून एकदा चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून पावाचा तुकडा खायचा आणि एका पेल्यातनं द्राक्षांचा रस प्यायचा असतो. आपल्याकडच्या प्रसादासारखं मी म्हणत होते, पण एस्तेरबाई म्हणायच्या तसं नव्हे, ते प्रभूच्या पंक्तीला बसणं आहे. आणि त्या पंक्तीची एक अट असते: कुणाच्या मनात तुमच्याविषयी काही असेल तर आधी त्याच्याकडं जाऊन समेट करायचा, मग ताटाला हात लावायचा. ही अट सगळ्यांना पाठ होती. पाळताना मी एकच माणूस पाहिलं. त्या रविवारी ताट एस्तेरबाईंपाशी आलं, त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं आणि तसंच शेजारणीकडं दिलं. पेलाही तसाच. पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात तेच.

लोक बोलायला लागले. विधवा बाई ताट नाकारते म्हणजे काय समजायचं ते समजले. काहींनी तर माझ्या संगतीनं त्या हिंदू व्हायला लागल्यात असंही ठरवून टाकलं. शेवटी पाद्रीसाहेब स्वतः आमच्या ओसरीवर आले. माणूस भला होता, त्यांना खरंच वाईट वाटत होतं. म्हणाले, एस्तेरबाई, देवानं तुम्हाला केव्हाच क्षमा केली आहे, मी सांगतो ना. एस्तेरबाई बँडेज गुंडाळत होत्या. गुंडाळताना म्हणाल्या, ‘‘पाद्रीसाहेब, गुन्हा देवाचा केला असता तर देवाला विचारलं असतं. गुन्हा मायाक्काचा केलाय.’’

पाद्रीसाहेब चहा न घेताच गेले.

महिन्यातून एक सुट्टी मिळायची, ती एस्तेरबाई मंद्रूपच्या बाजाराच्या दिवशी घ्यायला लागल्या. पहाटे बाजाराला जाणाऱ्या गाडीतून निघायचं, रात्री परत. पहिल्यांदा गेल्या तेव्हा मायाक्कानं त्यांना वाड्याच्या, म्हणजे मेंढरांच्या कुंपणाच्या आत येऊ दिलं नाही. बाई बाहेर बाभळीखाली बसल्या आणि परत आल्या. दुसऱ्यांदा बोलणं झालं. ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि मी ते विसरले नाही. त्या म्हणाल्या होत्या, मायाक्का, तू मला सांगायला आली होतीस आणि मी वळून बघितलं नाही, चूक माझी आहे. त्यावर मायाक्कानं हातातली लोकर खाली ठेवली. मग म्हणाली, ‘‘समदी म्हनली, देवाची मर्जी. तू पयली, आपली चूक म्हननारी. मग त्या चुकीचं मी काय करू, सांग की?’’

‘‘काय सांगणार गोदे,’’ त्या मला म्हणाल्या. ‘‘तिचं बरोबर होतं.’’

तिसऱ्या खेपेला मी त्यांच्याबरोबर गेले. खरं सांगते, भांडायला गेले होते. म्हटलं, एवढी मोठी बाई उन्हातान्हाची येते, हिनं निदान बस तरी म्हणावं. तिथं गेल्यावर माझं तोंड बंद झालं. सगुणा आम्हाला बघून खोपटात गेली ती बाहेर आली नाही. मायाक्का लोकर कातत होती. एस्तेरबाई जाऊन नेहमीच्या बाभळीखाली बसल्या. थोड्या वेळानं मायाक्कानं कातरलेल्या लोकरीचा एक ढीग त्यांच्यापुढं आणून टाकला. ‘‘रिकामी बसू नगं,’’ म्हणाली. त्या लोकरीत काटे, कुसळं, लेंड्या काय नव्हतं ते विचारा. एस्तेरबाईंनी पदर खोचला आणि एकेक काटा वेचायला लागल्या. मी पण बसले, काय करता! तीन तास आम्ही लोकर निवडली. निघताना मायाक्कानं ढीग हातानं चाचपून बघितला, दोन कुसळं काढून एस्तेरबाईंना दाखवली आणि आत गेली. परतीच्या वाटेवर माझी बोटं रक्ताळलेली, आणि ही बाई गाडीत भजन गुणगुणतेय, तेच बेसूर. किती महिन्यांनी ऐकलं मी ते.

त्यानंतर दर महिन्याला तेच. औषधाची पिशवी नाही, उपदेश नाही, फळफळावळ नाही. जायचं, लोकर निवडायची, यायचं.

सगुणाला पुन्हा दिवस गेले. एस्तेरबाईंनी येऊन मला सांगितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, काळजी होती. पोरगी अंगानं लहान, पाय सुजलेले. दवाखान्यात आणायला हवी. मी म्हटलं, मग सांगा ना मायाक्काला. त्या उकळलेली भांडी पुसत राहिल्या. मी पुन्हा म्हटलं. तेव्हा म्हणाल्या की माझ्या तोंडानं दवाखान्याचं नाव काढायचा हक्क मी घालवलाय. गावातल्या सुईणीला मी सगळं समजावून आलेय, पुढचं मायाक्का ठरवील. मी चिडले. म्हटलं, हा तुमचा मानभावीपणा आहे, त्या पोरीचा जीव जाईल अशानं. मला वाटलं होतं रागावतील. रागावल्या नाहीत. ‘‘तू म्हणतेस ते खरं असेल,’’ म्हणाल्या, आणि पुढच्याच बाजाराला गेल्या तेव्हा मायाक्काला सांगून आल्या की सुनेला आण, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस पाहिजे तर, पण आण. माझ्यासारख्या शिकाऊ पोरीचं ऐकून स्वतःचं मत बदलायला त्यांना एक दिवसही लागला नाही.

पौषात, सकाळी दहाच्या सुमारास, मंद्रूपची बैलगाडी फाटकाशी आली. कोंबड्याच्या वेळेला निघालेली. गाडीत सगुणा, दोन दिवस अडलेली, डोळे वर गेलेले. रांग नेहमीसारखी लांब होती. मायाक्का गाडीतनं उतरली, रांगेकडं पाहिलं आणि सरळ एस्तेरबाईंपुढं येऊन उभी राहिली.

‘‘बाई,’’ ती म्हणाली, ‘‘रांगेत बसवू का हिला?’’

टोमणा नव्हता हो त्यात. असता तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती, कारण दवाखान्याची रीत तिला एवढीच ठाऊक होती. एस्तेरबाईंच्या हातातले बिल्ले खाली पडले. त्या गाडीत चढल्या, सगुणाला खांद्याखाली धरलं, मी पायाशी धरलं, आणि रांगेतल्या बायका आपणहून बाजूला झाल्या.

मूल आडवं होतं, हात बाहेर आलेला. एस्तेरबाईंनी हात धुताना त्यांची ती दोन वाक्यं म्हटली. मला आठवतं, ‘आमचे हात स्वच्छ ठेव’ म्हणताना त्यांचा आवाज फाटला. मग मात्र त्या खडकासारख्या उभ्या राहिल्या. मडमनी मूल फिरवलं. दुपारी बाराचा भोंगा झाला तेव्हा मुलगी झाली होती, निळी पडलेली. एस्तेरबाईंनी तिला उलटी धरली, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली, पुन्हा चोळली. ती रडली तेव्हा बाहेर व्हरांड्यात बसलेली मायाक्का उठून उभी राहिली. सगुणाही वाचली, ताप आला, उतरला.

मला वाटलं, झालं, फिटलं सगळं. मी एस्तेरबाईंना तसं म्हटलंसुद्धा. त्यांनी माझ्याकडं अशी नजर टाकली की मी काहीतरी घाण बोलले असं मला वाटलं. म्हणाल्या, ‘‘एका पोराच्या जागी दुसरं पोर देऊन भागतं होय गं?’’

माझं शिक्षण तेव्हा संपत आलं होतं आणि दूरच्या एका दवाखान्यात माझी नेमणूक झाली होती. निघायचा दिवस रविवार आला, महिन्याचा पहिला. टांगा अकराला यायचा होता. एस्तेरबाई चर्चमध्ये होत्या, म्हणून मी निरोप घ्यायला दारात जाऊन उभी राहिले. आत सतरंज्यांवर एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये. एस्तेरबाई शेवटच्या ओळीत, नेहमीच्या जागी. माझ्या शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं, मेंढरांचा वास आला. मायाक्का होती. सुनेचं अंथरूण अजून वॉर्डात होतं, ही आवारात चूल मांडून राहिली होती, आणि गाणं ऐकून बघायला आली होती.

ताट ओळीओळीनं फिरत आलं. सगळ्यांनी एकेक तुकडा घेतला. एस्तेरबाईंनी ताट दोन्ही हातांनी धरलं आणि पुढं दिलं.

मायाक्कानं मला कोपरानं ढोसलं. ‘‘ती का खाईना?’’

मला एस्तेरबाईंनी कधी सांगू नकोस म्हटलं नव्हतं. म्हणाल्या असत्या तरी मी सांगितलं असतं. मी हळू आवाजात म्हटलं की तुझ्या नातवाचं झालं तेव्हापासून ती हे खात नाही. तू तिला मोकळी करीपर्यंत या पंक्तीला बसायचं नाही असं तिनं धरलंय. आज वीस महिने झाले.

‘‘ईस म्हयनं?’’ मायाक्का म्हणाली. मला वाटलं ती परत फिरेल. ती आत गेली. अनवाणी, खांद्यावर घोंगडं, दोन्ही बाजूंच्या माणसांमधनं सरळ. गाणं थांबलं. पाद्रीसाहेब पुढं यायला लागले आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, थांबले. मायाक्का एस्तेरबाईंपुढं जाऊन उभी राहिली. एस्तेरबाई वर बघेनात.

‘‘ते पोरगं मी इसरली न्हाय,’’ मायाक्का म्हणाली. तिचा आवाज सगळ्या चर्चला ऐकू गेला. ‘‘इसरनार बी न्हाय. पर तू आता खा. लई दिस उपाशी ऱ्हायलीस.’’

ताट दोन ओळी पुढं गेलं होतं. कुणी न सांगता ते हातोहात मागं आलं. त्यात शेवटचे तीन-चार तुकडे उरले होते. एस्तेरबाईंनी एक उचलला. तो त्यांच्या बोटांतनं निसटून मांडीवर पडला. मायाक्कानं वाकून तो उचलला, फुंकर मारली आणि त्यांच्या हातात परत दिला. माझा टांगा बाहेर येऊन उभा होता, टांगेवाला हाका मारत होता. मी हलले नाही. एस्तेरबाईंनी तुकडा तोंडात घातला, डोळ्यांतनं पाणी वाहत असताना तो हळूहळू चावला, आणि त्यांनी तो गिळेपर्यंत मायाक्का तिथंच त्यांच्यासमोर उभी राहिली.